उकळून घ्यावे

पहिली जुलै. सकाळी झेंडा अर्ध्यावर, दुपारी पूर्ण वर.
न्यूफाउंडलंडात आमचं हे असंच:
आधी डोळे पुसायचे, बारा वाजले की केक कापायचा.
झेंड्याची दोरी माझ्याच हातात असते,
कारण पिंचर्स कोव्हच्या नगर कार्यालयात
आठवड्यातून तीन दिवस बसणारी मी एकटीच.

दुसरं कामही माझंच.
दर महिन्याच्या एक तारखेला दारावरच्या नोटिशीत
नवी तारीख घालायची.
नळाचे पाणी एक मिनिट खळखळून उकळून मगच प्यावे.
एकोणीस वर्षं झाली, मजकूर तोच.
कागद पिवळा पडायला लागला तेव्हा मी तो प्लास्टिकमध्ये घातला.
एक सभासद म्हणाले, छान, आता टिकेल.

टिकलाय.

पाण्यावर दोन अहवाल झाले.
विमानाने आलेल्या माणसांनी लिहिलेले, जाड पुठ्ठ्याचे.
दुसऱ्याचा निष्कर्ष: पहिला अहवाल पाहावा.
क्लोरीनचा पंप आला, बसवणारा आला नाही.
पंप अजून खोक्यात आहे,
आणि खोक्यावर मिसेस कीपिंगचं मांजर.

मग शंभर वर्षं झाली म्हणून निधी आला.
स्मरणार्थ, अन्य कशासाठीही नाही, असं पत्रात ठळक अक्षरांत.
ग्रॅनाईट आला, समुद्रापलीकडून, बोटीने,
नुसत्या खडकावर वसलेल्या या गावात.
जमिनीतून वर झोत टाकणारे चार दिवे आले,
आणि कारंजं. हो, कारंजं.
बंद असतं. त्यावर पाटी आहे:
हे पाणी पिऊ नये.

दगडावर अकरा नावं.
हेडली बंगेच्या नावातलं एक अक्षर कोरताना गळलं.
दुरुस्तीचा अर्ज मीच टाईप केला, वरती पाठवला;
आवश्यक कार्यवाहीसाठी तो माझ्याकडेच परत आला.

आज थर्झा बंगे आल्या. अठ्ठ्याऐंशीच्या.
चढ चढून, दोनदा थांबून,
एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात चक्क किटली.
मंत्र्यांच्या कार्यालयातला पोरगा भाषण करत होता,
गावाचं नाव घेताना एकदा फोनमध्ये बघून.
ऑस्मंडचा बिगुल तिसऱ्या सुरावर फाटला.
तो दरवर्षी तिथेच फाटतो. आधी त्याच्या बापाचा फाटायचा.
दोन मिनिटं सगळे गप्प.
खाली धक्क्यावर बिघडलेली फेरीबोट,
तीही गप्प, मार्चपासून.

मग थर्झाबाई वाकल्या
आणि किटलीतलं पाणी घालू लागल्या
दगडापाशी लावलेल्या बारक्या निळ्या फुलांना,
ज्यांना इथे म्हणतात, मला विसरू नकोस.
पोरगा हसला. चांगलाच होता तसा.
"फुलांना उकळलेलं कशाला, आजी?"

त्या ताठ झाल्या, जमेल तेवढ्या.
कधीच न पाहिलेल्या काकाचं शेवटचं पत्र
त्यांना तोंडपाठ आहे:
"इथे पाणी पेट्रोलच्या डब्यांतून येतं.
चहालाही तोच वास.
घरी आलो की आधी ओढ्यावर पालथा पडून पिणार,
मग आईला भेटणार. आईला हे सांगू नका."

"तो ओढा," थर्झाबाई काठीने दाखवत म्हणाल्या,
"म्हणजे तुमची ती टाकी.
त्याला तसलं पाणी कसं देऊ?"

पोरग्याने फोनमध्ये काहीतरी लिहून घेतलं.
असं लिहून घेतलेलं मी पुष्कळ पाहिलंय.

बारा वाजता झेंडा वर ओढला. दोरी अडकली, मग सुटली.
हॉलमध्ये केक, चहा.
चहाचं पाणी मीच ठेवलं, उकळी आल्यावर मिनिट मोजलं,
आणि त्या मिनिटात नेहमीसारखं मोजत राहता येईना.

संध्याकाळी कार्यालय उघडलं. सुट्टी होती तरी.
नोटीस काढली, तारीख घातली नाही,
टेबलावर उलटी ठेवली.
मांजराला खोक्यावरून उचललं. ओरबाडलं त्याने.
आत पंपाबरोबर माहितीपुस्तिका:
सोळा पानं, चार भाषा,
चित्रांतला माणूस प्रत्येक पानावर हसणारा.

आकृती एक. झडप डावीकडे फिरवा.
डावीकडे म्हणजे कुणाच्या?
ऑस्मंडच्या बापाला फोन लावला.
"पाना आहे का," विचारलं, "मोठा?"